नामया, ज्ञान्या आणि माउली : संतमैत्रीचे संबोधन व ऐतिहासिक कथन

मध्ययुगीन विरक्तांच्या परस्परमैत्रीचे चित्रण हा युरोपीय ऐतिहासिक कादंबरीचा एक परिचित विषय आहे. मराठीत या विषयाची सामग्री विपुल आहे. कथन मात्र अद्याप अपुरे आहे. ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या मैत्रीइतका समर्थ विषय यादवकालीन महाराष्ट्राने दुसरा दिलेला नाही. तरीही चरित्रात्मक कादंबरी, नाटक, चित्रपट अशा अर्वाचीन प्रकारांतून ही मैत्री पाहू गेल्यास हाती येतो तो आदर. स्नेह हाती येत नाही. याचे कारण लेखकांच्या भक्तिभावात शोधण्याची रीत आहे. ते कारण खोटे नव्हे, पण अपुरे आहे. भक्तिभाव नामदेवांच्याही ठायी होताच, आणि त्याने त्यांच्या मैत्रीला बाध आला नाही. खरी अडचण अर्वाचीन मराठी गद्याच्या व्याकरणात, विशेषतः संबोधनाच्या व आदरार्थी अनेकवचनाच्या व्यवस्थेत आहे, असे दाखविता येते.

प्रथम 'विरक्त' या शब्दाविषयी. युरोपात मठवासी भिक्षूंची मैत्री भिंतींच्या आत घडते. यॉर्कशरमधील रीव्हो येथील मठाधिपती एल्रेड (निधन 1167) याने आध्यात्मिक मैत्रीवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, तोही संवादरूपाने, आपल्या मठातील बंधूंशी बोलत. त्या ग्रंथाच्या पहिल्या भागात त्याच्याशी बोलणारा ईव्हो पुढील भाग लिहिला जाईपर्यंत मरण पावलेला आहे, आणि ग्रंथाचा उत्तरार्ध त्या मृत मित्राच्या आठवणीने सुरू होतो. हेर्मान हेसे यांच्या 1930 च्या 'नार्त्सिस आणि गोल्डमुंड' या कादंबरीत एक मित्र मठात राहतो, दुसरा वाटेला लागतो, आणि वाटेवरचा मरणासाठी मठात परततो. उंबेर्तो एको यांच्या 1980 च्या कादंबरीत वृद्ध आड्सो आपल्या तरुणपणी, 1327 साली, गुरुतुल्य विल्यमबरोबर एका मठात घालविलेल्या आठवड्याची हकिकत लिहितो. तिघांच्याही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते : मैत्रीची कथा मागे उरलेला सांगतो, किंवा ती त्याच्या ओठांवर येऊन थांबते.

महाराष्ट्रात अशा अर्थाने भिक्षूसंघ होता तो महानुभावांचा. चक्रधरांमागे नागदेवाचार्यांभोवती जमलेल्या त्या समुदायात म्हाइंभट, केसोबास, महदाइसा यांच्यासारखी माणसे होती. त्यांच्या सहवासाचे 'स्मृतिस्थळा'तील चित्र कोणाही कादंबरीकाराने हेवा करावा इतके जिवंत आहे. चक्रधर नागदेवांना थट्टेने वानरेश म्हणत. केसोबासांची संस्कृतातील रुची प्रसिद्ध असता, संस्कृतामुळे समुदायातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील म्हणून नागदेवांनी मराठीचा आग्रह धरला. मैत्री आणि मतभेद एकाच घरात नांदतात, याचे याहून चांगले उदाहरण कोणते ? परंतु हे वाङ्मय सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांच्या आड शतकानुशतके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी तो संकेत उलगडला, आणि 'लीळाचरित्र' छापून हाती यावयास 1930 चे दशक उजाडले. मराठी ऐतिहासिक कादंबरीची घडी तोवर बसून गेली होती. तिच्यात महानुभावांना जागा मिळाली नाही.

ज्ञानदेव-नामदेवांची गोष्ट निराळी. ती नेहमीच सर्वांच्या तोंडी होती. पण ती भिंतीआडची मैत्री नव्हे, वाटेवरची आहे. शिवाय या दोघांपैकी कोणीही रूढ अर्थाने संन्यासी नव्हता. ज्ञानदेव (1275–1296) हे संन्यास मोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या पित्याचे पुत्र. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेली ही चार भावंडे, आणि नाथपंथाची दीक्षा ज्येष्ठ बंधू निवृत्तिनाथांकडून आलेली. नामदेव (1270–1350) हे शिंपी, संसारी. घरात आई गोणाई, पत्नी राजाई, चार मुलगे आणि दासी जनाबाई. एक बहिष्कृत ब्राह्मण ब्रह्मचारी आणि एक शूद्र गणला गेलेला गृहस्थ यांची ही मैत्री आहे. ती मैत्री म्हणून टिकली नाही, तर मग या दोन माणसांच्या मध्ये उरते ते काय, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

तो संशोधनाचाही प्रश्न आहे. 'सुधारक' पत्रात 1898–99 च्या सुमारास 'भारद्वाज' या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे प्रतिपादन केले. ज्ञानेश्वरीत विठ्ठल नाही, शैव-नाथ परंपरेची छाया आहे. अभंगांत विठ्ठलच विठ्ठल आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. भिंगारकरबुवा, पांगारकर, पेंडसे यांनी याला दिलेली उत्तरे सुपरिचित आहेत. या वादात एक गोष्ट मात्र फारशी पुढे आली नाही. दोन ज्ञानदेवांना एक करणारा पूल म्हणजे ही मैत्रीच आहे. नेवाशाच्या खांबाशी 1290 साली ग्रंथ पुरा करणाऱ्या पंधरा वर्षांच्या तत्त्वज्ञाला पंढरीच्या वाळवंटात आणून उभा करतो तो नामदेव. त्यांचा स्नेह खरा मानला तर तत्त्वज्ञ आणि भक्त यांच्यातील अंतर एका माणसाच्या आयुष्यात ओलांडले गेले, असे म्हणता येते. तो केवळ औपचारिक आदर मानला तर भारद्वाजांचा संशय अधिक बळकट होतो.

या मैत्रीचे आद्य कथन म्हणजे नामदेवांच्या नावावरील 'तीर्थावळी'चे अभंग. गाथेत पुढच्या 'नाम्यां'ची, विशेषतः विष्णुदास नामा याची, भर पडलेली असल्याने यांतील प्रत्येक शब्द तेराव्या शतकाचा नव्हे. तथापि कथनाची चौकट पाहावी. ज्ञानदेव पंढरपुरास येतात आणि नामदेवांना तीर्थयात्रेस बरोबर चला म्हणतात. नामदेवांना विठ्ठलाचे पाय सोडवत नाहीत. शेवटी विठ्ठलच नामदेवांना ज्ञानदेवांच्या स्वाधीन करतो, आणि एखाद्या आईने परगावी निघालेल्या मुलाविषयी सांगावे तशा काळजीने सांगतो. पुढे वाटेत ज्ञानदेव नामदेवांना प्रश्न विचारतात आणि नामदेव उत्तरे देतात. मारवाडाच्या वाळवंटात दोघे तहानेने व्याकुळ होतात. ज्ञानदेव योगसिद्धीने विहिरीत उतरून पाणी पिऊन येतात. नामदेव विठ्ठलाला हाक मारतात आणि विहीर भरून वाहू लागते.

चमत्कार बाजूला ठेवून संवादाची रचना तपासली असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. विद्येने जो थोर, तोच येथे विचारणारा आहे. ज्याला सर्व ठाऊक असावे त्यालाच काही हवे आहे, आणि ते दुसऱ्याकडे आहे. गुरुशिष्यसंवादाची हीच नेमकी उलट बाजू होय. मैत्रीच्या कथनाला जे लागते ते हे : दोघांपैकी प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेले काही असणे. गोरा कुंभाराच्या थापटण्याखाली नामदेव 'कच्चे मडके' ठरतात ती लोकप्रिय कथा याच्या शेजारी ठेवावी. तेथे नामदेवांना उणे ठरवून विसोबा खेचरांकडे धाडले जाते. उत्तरकालीन कथाकारांना मडक्याची गोष्ट अधिक प्रिय झाली. विहिरीची गोष्ट त्यांनी केवळ चमत्कारासाठी राखली. या निवडीतच मैत्रीचा बराचसा ऱ्हास झाला आहे.

आता संबोधनाकडे वळू. तीर्थावळीत ज्ञानदेव ज्या शब्दाने मित्राला हाक मारतात तो 'नामया'. 'नामा' हे 'नामदेव' या नावाचे लाडके, आखूड रूप. त्याचे सामान्यरूप 'नामया', आणि संबोधनही तेच. जनाबाईंची 'नामयाची जनी' ही मुद्रा याच रूपावर उभी आहे. तुकारामांच्या बाबतीत 'तुकया' हे समांतर रूप आहे. आता 'नामया' या रूपातील मधला ऱ्हस्व अकार मराठीच्या सहज प्रवृत्तीनुसार लोपला की होते 'नाम्या'. 'तुकया'चे होते 'तुक्या'. ध्वनिदृष्ट्या एकाच वाटेने आलेली ही रूपे. सामाजिक दृष्ट्या मात्र त्यांच्यात आकाशपाताळाचे अंतर पडले आहे. 'नामया' अभंगात पवित्र, आणि 'नाम्या' गल्लीतला. लालबाग-परळच्या चाळींच्या गॅलरीतून खालच्या मित्राला मारलेली हाक अशीच असते : 'पांड्या', 'तुक्या', 'ज्ञान्या'. त्या हाकेत तुच्छता नसते. तुच्छतेला जागा उरू नये इतकी जवळीक असते. लिखित मराठीने मात्र हे रूप तुच्छतादर्शक म्हणून नोंदवून टाकले.

पैठणच्या प्रसिद्ध आख्यायिकेतच या संघर्षाचा एक पूर्वसंकेत आहे, आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. नाव सारखे म्हणून आत्मा सारखा का, असा प्रश्न जिच्यावरून निघतो त्या पाण्याच्या पखालीखालील रेड्याचे नाव 'ज्ञान्या' असे सांगितले जाते. म्हणजे ज्ञानदेवांच्या नावाचे जवळिकीचे रूप त्यांच्या हयातीतच, निदान कथेत, जनावराला देता येण्याजोगे झालेले होते. ज्ञानदेव हे नाव असलेल्या मुलाला बरोबरीचा मित्र कोणत्या रूपाने हाक मारील ? ऐतिहासिक कादंबरीकारापुढे दोनच शब्द उरतात. एक 'ज्ञान्या', जो रेड्याकडे गेला. दुसरा 'माउली', जो आळंदीकडे गेला. एकविसाव्या वर्षी समाधी घेणाऱ्या तरुणाला त्याच्याहून पाच वर्षांनी वडील असलेला मित्र 'माउली' म्हणून बोलावू लागला, की ते दोघे मित्र राहत नाहीत. आईशी मैत्री करता येत नाही. तिच्या कुशीत शिरता येते, एवढेच.

दुसरी अडचण क्रियापदाची आहे, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. लीळाचरित्राच्या गद्यात 'सर्वज्ञें म्हणीतलें' अशी रचना सर्वत्र आढळते. कर्ता तृतीयेत, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. बोलणारा कोण आणि केवढा, याचा क्रियापदावर काहीच परिणाम होत नाही. आदर असलाच तर तो नामात असतो : 'भटीं', 'बाइसीं', 'गोसावीं'. यादवकाळात आदरार्थी अनेकवचन नव्हते असे मुळीच नव्हे. पण ते व्यक्तीच्या पदाला चिकटलेले होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते पुन्हा पुन्हा मोजून द्यावे लागत नसे. पद्यात तर ही मोकळीक आणखी मोठी. 'नामा म्हणे', 'ज्ञानदेव म्हणे', 'तुका म्हणे'. मुद्रेत सर्व संत एकवचनी आहेत. मुद्रा ही संतांची लोकशाही होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल. परंतु मुद्रेत कोणालाही वडीलकी मिळत नाही, हे निर्विवाद आहे.

अर्वाचीन मराठीत 'म्हणणे' हे धातुरूप भूतकाळी बहुधा कर्तरि प्रयोगात चालते. त्यामुळे 'म्हणाला' की 'म्हणाले' हा निर्णय कादंबरीकाराला संवादाच्या प्रत्येक ओळीगणिक घ्यावा लागतो. 'त्याने म्हटले' ही पळवाट उपलब्ध आहे खरी. पण तेथेही '-ने' आणि '-नी' यांत निवड करावीच लागते. दोघांनाही 'म्हणाले' दिले, तर दोन आदरणीय पुतळे समोरासमोर उभे राहतात. एकाला 'म्हणाले' आणि दुसऱ्याला 'म्हणाला' दिले, तर ब्राह्मण व शिंपी यांच्यामधील जी भिंत त्या दोघांनी पाडली ती व्याकरणाच्या आडवाटेने पुन्हा उभी राहते. दोघांनाही 'म्हणाला' द्यावयाचे धैर्य क्वचितच होते. वाचक दुखावतील ही भीती अनाठायी नाही. विवेचनात्मक गद्यालाही, या पानांसह, ही शिस्त मोडता आलेली नाही. पण विवेचनाला मैत्री रंगवावयाची नसते, कादंबरीला असते.

द्वितीयपुरुषी आदरार्थी 'आपण' या सर्वनामाने तर प्रकरण अधिकच बिघडते. यादवकालीन भाषेत 'आपण' हे मुख्यतः आत्मवाचक होते. समोरच्या व्यक्तीला उद्देशून त्याचा औपचारिक उपयोग ही पुढच्या काळातील दरबारी व नागर व्यवहाराची देणगी होय. तेराव्या शतकातील दोन तरुण तहानलेले असताना विहिरीच्या काठी एकमेकांस 'आपण' म्हणताना दाखविणे हा कालविपर्यास आहे. तो हातातल्या भांड्याच्या किंवा अंगावरच्या वस्त्राच्या कालविपर्यासाहून गंभीर आहे, कारण भांडे चुकले तर काळ चुकतो, सर्वनाम चुकले तर नाते चुकते.

याचे सर्वांत मोठे प्रमाण खुद्द ज्ञानदेवांच्या ग्रंथातच आहे, आणि ते या संदर्भात फारसे कोणी आणलेले दिसत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यानंतर अर्जुन क्षमा मागतो ती आपल्या संबोधनाबद्दल. तुला नुसत्या नावाने, कुळाच्या नावाने, सखा म्हणून हाक मारली, थट्टेत अवमान केला, हे सहन कर, असे तो म्हणतो. ज्ञानेश्वरीने हा भाग विस्ताराने रंगविला आहे. सलगीच्या एकेका प्रसंगाची आठवण काढीत अर्जुन ओशाळत जातो. पुढे तोच अर्जुन ते भयंकर रूप आवर, मला माझे ओळखीचे रूप दे, अशी विनवणी करतो. म्हणजे संबोधनाची माफी मागून झाल्यावर त्याला पुन्हा संबोधनच हवे आहे. विश्वरूपाशी बोलता येत नाही, हे त्याला कळून चुकले आहे. पंधराव्या वर्षी मैत्रीच्या व्याकरणाचे हे मर्म ज्याने मराठीत आणले, त्याच्या स्वतःच्या मैत्रीचे अर्वाचीन कथन मात्र विश्वरूपदर्शनाशी थांबले आहे. ओळखीच्या रूपाकडे ते परत येत नाही.

मुंबईच्या वाचक-प्रेक्षकाला ही मैत्री ज्या मार्गांनी पोहोचली त्यांचा आढावा येथे उद्बोधक ठरतो. पहिला मार्ग छापखान्याचा. 'तत्त्वविवेचक' छापखान्यातून तुकाराम तात्या पडवळ यांनी 1894 साली नामदेवांची व त्यांच्या परिवाराची गाथा काढली. नामदेवांचे अभंग घरोघरी पुस्तकरूपाने पोहोचविण्यात अशा मुंबई आवृत्त्यांचा वाटा मोठा होता. शासनाची 'श्रीनामदेव गाथा' त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, 1970 साली आली. गाथेत मैत्री आपल्या मूळ रूपात, 'म्हणे'च्या एकवचनात, सुरक्षित राहिली. महिपतींच्या 1762 च्या 'भक्तविजया'नेही, ओवीच्या कृपेने, ती बरीचशी सांभाळली होती. महिपतींना चमत्काराचा सोस होता. पण त्यांच्या ओवीला 'म्हणाले' ठाऊक नव्हते.

दुसरा मार्ग पडद्याचा. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 च्या अखेरीस आला, आणि गिरगावातील सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. त्यामागून 1940 मध्ये दामले-फत्तेलाल यांचाच 'संत ज्ञानेश्वर' आला. शाहू मोडक यांनी ज्ञानेश्वरांची भूमिका केली. तो चित्रपट भावंडांचा आहे. बहिष्कार, भिंत आणि रेडा यांचा आहे. छायाचित्रणाच्या करामतीने साकारलेले चमत्कार त्या काळी वाखाणले गेले. त्यात मैत्रीला जागा अपुरी पडली यात नवल नाही, कारण जीवनपटाची रचनाच तिला प्रतिकूल असते. ज्ञानदेवांचे चरित्र म्हणून कथा मांडली की तिचा भार मातापित्यांच्या देहत्यागावर, पैठणवर आणि नेवाशावर पडतो; नामदेव अखेरच्या काही वर्षांत प्रवेश करतात आणि समाधीशी पडदा पडतो. गो. नी. दांडेकरांची 'मोगरा फुलला' आणि रवींद्र भट यांची 'इंद्रायणी काठी' या लोकप्रिय कादंबऱ्यांनाही विषयाच्या निवडीनेच ही मर्यादा पडते. नायकाचे आयुष्य जेथे संपते तेथे मैत्रीचा अर्धाच भाग झालेला असतो.

तिसरा मार्ग गिरणगावाचा. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांनी परळ-लालबागच्या चाळींत भजनी मंडळे उभी केली. डबलबारीचे सामने रंगविले. आषाढीला पंढरी गाठता न आलेल्यांनी वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराला पंढरी मानले. गिरण्या 1982 च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि मंडळेही पांगली. तरी ही परंपरा लोपलेली नाही. तिच्यात 'ग्यानबा' आहे, 'नामा' आहे, 'चोखा' आहे, 'जनी' आहे. बुवा अभंगाचा अर्थ सांगू लागला की तो बेधडक 'नामा म्हणाला' असे म्हणतो, आणि समोर बसलेल्या कोणाच्याही भावना दुखावत नाहीत. गिरगाव-दादरच्या छापील गद्याने जे व्याकरण गमावले ते येथे शाबूत आहे. कादंबरीकाराने कान लावावयाचा तो येथे.

मात्र या लोकपरंपरेनेही एक अन्याय केला आहे. तिचा घोष 'ज्ञानोबा-तुकाराम' असा आहे. द्वंद्व समासात जोडी बसवावयाची तर ती समकालीन मित्रांची बसावी, ही अपेक्षा गैर नाही. येथे तीनशे वर्षांनंतर आलेले तुकाराम ज्ञानदेवांशेजारी उभे आहेत, आणि ज्याने त्यांच्याबरोबर वाट तुडविली तो नामदेव घोषात नाही. पंथाच्या इतिहासात पाया आणि कळस ही कल्पना समर्थनीय असेल. मैत्रीच्या इतिहासात ती नामदेवांना पंढरीच्या महाद्वारातील पायरीवरच बसवून ठेवते.

समाधीच्या प्रसंगाचे अभंग हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग. कार्तिक वद्य त्रयोदशी, शके 1218. नामदेवांनी समाधीची जागा झाडून स्वच्छ करावयास आपले चारही मुलगे, नारा, विठा, गोंदा आणि महादा, पाठविले, असे परंपरा सांगते. येथे सनांचा हिशेब मांडला तर एक विलक्षण गोष्ट हाती येते. परंपरागत जन्मसन मानले, तर त्या वेळी नामदेव सव्वीस वर्षांचे होते. म्हणजे ही चार मुले खरोखर लहान मुले असणार. सर्वांत मोठे दहाच्या आतबाहेर, धाकटे कदाचित नीट चालावयासही न लागलेले. उत्तरकालीन चित्रांत व आख्यानांत त्यांना थोराड रूप येते. ऐतिहासिक कादंबरीला येथे पुरावा आणि परंपरा या दोहोंशी प्रामाणिक राहूनही केवढी मोकळीक आहे ! ब्रह्मचारी मित्र ज्या भुयारात उतरावयाचा, ते एका संसारी मित्राची तान्ही पोरे हातातल्या केरसुण्यांनी झाडीत आहेत. निवृत्तिनाथ आणि मुक्ताबाई जवळ आहेत. त्यांचे दुःख बहीणभावाचे आहे, त्याला नाते आहे, नाव आहे. नामदेवांच्या दुःखाला तसे नाव नाही. हेच दुःख कथनाला आव्हान देणारे आहे, आणि याच ठिकाणी चरित्रकथा आवरते घेतात.

कारण नामदेव त्यानंतर चोपन्न वर्षे जगले. एल्रेडप्रमाणे, आड्सोप्रमाणे, मागे उरलेला तो हाच. समाधीचे अभंग त्याच्याच नावावर आहेत, हे त्याच्या कथनाधिकाराचे द्योतक आहे. पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे, त्यांचे दीर्घ वास्तव्य झाल्याची परंपरा आहे. गुरु ग्रंथसाहिबात त्यांच्या 61 रचना समाविष्ट झाल्या. ज्या वाटेवर तो मित्राबरोबर प्रथम उत्तरेस गेला, त्याच दिशेला तो पुढे एकटा गेला, अशी मांडणी कादंबरीकाराला करता येईल. तीर्थावळीची सारी हकिकत मग एका वृद्धाच्या आठवणीत घडते, आणि 'म्हणे' या क्रियापदाला आपला दुसरा, अर्वाचीन अर्थही लाभतो. आज मराठीत 'तो आला म्हणे' यातील 'म्हणे' हे ऐकीव वार्तेचे चिन्ह झाले आहे. 'ज्ञानदेव म्हणे' हे वाक्य एकाच वेळी साक्ष आणि ऐकीव वार्ता ठरू शकते. असा लाभ 'म्हणाले' या रूपातून मिळणे नाही.

घुमानच्या दिशेने आणखी एक धागा जातो. ग्रंथसाहिबातील कबीरांच्या श्लोकांत त्रिलोचन आणि नामदेव यांचा एक छोटा संवाद आहे. त्रिलोचनाला तेथे 'मीत' म्हटले आहे, आणि तो नामदेवाला साध्या 'नामा' या हाकेने विचारतो की, हे कापड छापण्याचे काम काय घेऊन बसला आहेस, रामाकडे चित्त का लावीत नाहीस ? नामदेव उत्तर देतो की मुखाने नाम घ्यावे, हातापायांनी काम करावे, आणि चित्त निरंजनापाशी ठेवावे. मराठी कादंबरीला जे रूप सापडेनासे झाले आहे ते येथे दोन श्लोकांत, एका तिसऱ्याच संताच्या नावावर आणि एका तिसऱ्याच भाषेत, सहज उभे आहे : मित्र मित्राला टोकतो, एकेरीत टोकतो, आणि नामदेव हातातले काम न थांबविता त्याला उत्तर देतो.